आकडा पुढे लिहायचा

माझी बहीण थळला राहते. अलिबागजवळचं थळ खताच्या कारखान्यामुळे सर्वांना ठाऊक आहे. मागच्या पावसाळ्यात तिच्याकडे गेलो होतो. दहावीतली भाची विज्ञानाची वही घेऊन रडवेली बसली होती. म्हणाली, "मामू, मला नाही जमायचं सायन्स. मी तुमच्यासारखी आर्ट्सला जाते."

ऐकून मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. कवितेच्या ओढीनं बी. ए. झालो, असं मी आजवर सर्वांना सांगत आलो. खरं म्हणजे रासायनिक समीकरणांना घाबरून पळालो होतो.

वहीत प्रश्न होता : 'नायट्रोजन व हायड्रोजन यांच्या संयोगातून अमोनिया तयार होतो. संतुलित समीकरण लिहा.' हा अमोनिया थळच्या कारखान्यात बनतो. नायट्रोजन हवेतून घेतात, हायड्रोजन नैसर्गिक वायूपासून मिळवतात. पुढे अमोनियाचा युरिया होऊन शेतात जातो.

आम्ही दोघं पुस्तक उघडून बसलो. आधी शब्दांची सूत्रं केली. दोन्ही वायूंचे अणू जोडीनं राहतात : एन-टू, एच-टू. अमोनियात नायट्रोजनचा एक अणू, हायड्रोजनचे तीन : एनएच-थ्री. डावीकडे दोन-दोन अणू, उजवीकडे एक आणि तीन. जुळत नाही. म्हणून पोरीनं उजवीकडे सरळ एन-टू-एच-टू लिहून टाकलं होतं. हिशेब जुळला होता, पण तो अमोनिया राहिला नव्हता!

सूत्रातला छोटा आकडा पदार्थाचा स्वभाव सांगतो, त्याला हात लावायचा नाही. पाण्याच्या सूत्रात ऑक्सिजनचा एक अणू वाढवा, हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. ते प्यायचं पाणी नव्हे. बदलायचा तो फक्त सूत्राच्या पुढचा मोठा आकडा.

अमोनियाच्या पुढे दोन लिहिले. उजवीकडे नायट्रोजन दोन झाले, हायड्रोजन सहा. मग डावीकडे हायड्रोजनच्या पुढे तीन लिहिले. जुळलं! वजनानं पाहिलं तरी २८ ग्रॅम नायट्रोजन आणि ६ ग्रॅम हायड्रोजन मिळून ३४ ग्रॅम अमोनिया. काही हरवलं नाही, काही उपटलं नाही.

मित्रहो, मला तिथं माझंच गणित दिसलं. हिशेब जुळावा म्हणून मी मूळ सूत्रच बदललं होतं. भीतीच्या जागी आवड लिहिली होती. मी भाचीला खरं ते सांगितलं. म्हटलं, "आर्ट्सला जायचं तर खुशाल जा, पण आवडीनं. घाबरून नको."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग वही माझ्याकडे सरकवली. "मामू, पुढचं तुम्ही करा."

प्रश्न होता : 'लोखंड व ऑक्सिजन यांच्या संयोगातून फेरिक ऑक्साइड तयार होतो.' फेरिक ऑक्साइडमध्ये लोखंडाचे दोन अणू, ऑक्सिजनचे तीन. दोनदा खोडलं. तिसऱ्यांदा पुढचे आकडे जुळले : चार, तीन, दोन. वयाच्या पन्नाशीनंतर सोडवलेलं माझं पहिलं समीकरण!