उकिरड्याचे उद्यान



मागच्या आठवड्यात एक पालक शाळेत आले. नाराज होते. "सर, मुलाला शिकायला पाठवतो, कुदळ मारायला नाही," असे म्हणाले. शाळेमागच्या पडीक जागेतला कचरा आम्ही दर शनिवारी मुलांना बरोबर घेऊन काढतो, त्याबद्दलची ही तक्रार. त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. ते आज देतो.

मुंबईत धारावीला लागून, मिठी नदीच्या काठी ३७ एकरांचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. दाट झाडी, फुलपाखरे, पावसाचे पाणी साठवणारे तळे, नदीच्या कडेने तिवरे. शाळांच्या सहली तेथे येतात. ही जागा पूर्वी शहराचा उकिरडा होती, हे सांगितल्याशिवाय कोणाला खरे वाटत नाही. कचरा टाकणे १९७७ साली बंद झाले. पण बंद झाले म्हणजे बाग झाली नव्हे! कचरा आत कुजतच राहतो, त्यातून वायू सुटतो, मुळांना हवा मिळत नाही, जमीन खचते. अशा जागी आधी चिवट झाडे जगवावी लागतात. त्यांचा पाला गळतो, कुजतो, त्याची माती होते. मग किडे येतात आणि किड्यांमागे पाखरे. पाखरांना आमंत्रणपत्रिका लागत नाही.

तेथे १९८३ साली लागवडीला प्रारंभ झाला, तेव्हा रोप लावायला डॉ. सालिम अली आले होते. त्यांचा जन्म १८९६ चा. जगभर नाव झालेला हा पक्षितज्ज्ञ उतारवयात उकिरड्यावर उभा राहून झाड लावत होता. त्यांची विद्या चिखल तुडवूनच आलेली होती. १९८७ मध्ये त्यांचे निधन झाले, आणि उद्यान लोकांसाठी खुले झाले १९९४ मध्ये. अकरा वर्षे लागली.

आपली जागा जेमतेम चार गुंठे. पावसाळ्यात लावलेल्या रोपांपैकी तीन शेळ्यांनी खाल्ली. त्या पालकांच्या मुलाने लावलेला करंज मात्र तग धरून आहे. रोज मधल्या सुट्टीत तो आपल्या डब्याच्या बाटलीतले पाणी त्याला घालतो. घरी बहुधा सांगितले नसावे.

कुंपणासाठी बाभळीच्या काट्या हव्या आहेत. ज्यांच्या शेतात असतील त्यांनी शनिवारी सकाळी आठ वाजता घेऊन यावे. ते पालक समोरच बसले आहेत. त्यांनीही यावे, अशी माझी विनंती आहे.