कित्ता : अक्षराचा आणि आचरणाचा

(पाठशाळेच्या पालक मेळाव्यातील व्याख्यान)



मराठी भाषेत 'वळण' हा मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. अक्षराला वळण असते आणि मुलालाही वळण लावावे लागते. 'कित्ता' या शब्दाचेही तसेच आहे. वहीच्या माथ्यावर वडीलधाऱ्यांनी घालून दिलेली सुरेख ओळ म्हणजे कित्ता. आणि थोरांच्या आचरणाचे अनुकरण करणे म्हणजेही त्यांचा कित्ता गिरवणे. ज्या समाजाने हे दोन अर्थ एकाच शब्दात साठवले, त्याला लेखन आणि चारित्र्य या गोष्टी निरनिराळ्या वाटत नसाव्यात. घरच्या घरी मुलांकडून कित्ता लिहून घेण्याच्या विषयाकडे याच दृष्टीने पाहावयाचे आहे.

जैन परंपरेत लेखनविद्येचा आरंभच मुळी घरात झाला. भगवान ऋषभदेवांनी आपली कन्या ब्राह्मी हिला लिपी आणि सुंदरी हिला अंकविद्या शिकविली, असे परंपरा सांगते. पहिला शिक्षक पिता, पहिली शाळा घर आणि पहिल्या विद्यार्थिनी दोन मुली! मुलांचे अक्षर ही केवळ शाळेची जबाबदारी आहे असे मानणाऱ्या पालकांनी या कथेचे जरूर स्मरण ठेवावे.

पुढे श्रुतज्ञान टिकले तेही लिहिणाऱ्यांच्या हातांनी. वीरनिर्वाणानंतर 980 व्या, मतांतराने 993 व्या वर्षी वल्लभी येथे देवर्धिगणी क्षमाश्रमणांच्या नेतृत्वाखाली आगम ग्रंथारूढ झाले. दिगंबर परंपरेत आचार्य धरसेनांकडून मिळालेले ज्ञान पुष्पदंत आणि भूतबली यांनी षट्खंडागमात लिपिबद्ध केले. ज्येष्ठ शुद्ध पंचमीची श्रुतपंचमी हे त्याचेच स्मरण. या ग्रंथावरील धवला टीका शतकानुशतके मूडबिद्रीच्या ताडपत्रांवर जुन्या कन्नड लिपीत जपली गेली. त्या पत्रांवरून हाताने प्रती लिहून काढल्या गेल्या, तेव्हा कुठे 1939 साली डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली अमरावतीहून तिचा पहिला खंड छापून प्रसिद्ध झाला.

या प्रती लिहिणाऱ्या लेखनिकांची नावे बहुतेकांना ठाऊक नसतात. ग्रंथाच्या अखेरीस मात्र त्यांची एक विनंती पुष्कळदा आढळते. पाठ, कंबर आणि मान मोडून, दृष्टी खाली लावून हे लिहिले आहे. तेल, पाणी आणि सैल बांधणी यांपासून ते सांभाळावे, असे ते विनवितात. समोर जसे दिसले तसेच लिहिले, असेही ते नम्रपणे नमूद करतात. पदरचे घालावयाचे नाही आणि नको वाटले म्हणून गाळावयाचे नाही, हा त्यांचा धर्म होता. नक्कल करण्याच्या साध्या कामातही सत्यव्रत कसे पाळले जाते, याचा हा वस्तुपाठ आहे.

"संगणकाच्या युगात अक्षर कशाला?" असा प्रश्न हल्ली अनेक पालक विचारतात. दहावी-बारावीची उत्तरपत्रिका आजही हातानेच लिहावी लागते, हे एक व्यावहारिक उत्तर झाले. दुसरे उत्तर शास्त्राचे आहे. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाच्या संशोधकांनी 2012 साली, वाचू न लागलेल्या पाच वर्षांच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलांनी स्वहस्ते काढलेली अक्षरे त्यांना पुन्हा दाखविली असता मेंदूतील वाचनाशी निगडित भाग जसे कार्यरत झाले, तसे कळफलकावर टंकलेल्या किंवा नुसत्या आकारावरून पेन्सिल फिरविलेल्या अक्षरांच्या बाबतीत झाले नाहीत. म्हणून ठिपके जोडण्यावर न थांबता, पाहून स्वतः अक्षर काढण्याची सवय मुलाला लावावी. महात्मा गांधींनीही आत्मकथेत आपल्या खराब अक्षराबद्दल मनापासून खेद व्यक्त केला आहे. दक्षिण आफ्रिकेत वकिलांचे व तरुणांचे मोत्यासारखे अक्षर पाहून त्यांना लाज वाटली, पण तोवर हाताचे वळण घट्ट झाले होते.

मुलाची कित्त्याची वही बारकाईने पाहिली तर एक गोष्ट ध्यानात येते. वरची ओळ वडिलांची असते. मुलाची पहिली ओळ तिच्या पुष्कळ जवळ जाते. परंतु दुसरी ओळ लिहिताना मूल वर पाहत नाही, स्वतःच्या पहिल्या ओळीकडे पाहते, तिसरीला दुसरीकडे. त्यामुळे एका ओळीतील वाकडी वेलांटी पुढच्या ओळीत अधिक वाकडी होते आणि पानाच्या तळाशी मूळ अक्षर ओळखू येत नाही. पिढ्यांचेही असेच होते. मूल आचार्यांचे चरित्र क्वचित पाहते. ते सर्वांत जवळची ओळ पाहते, आणि ती ओळ म्हणजे त्याचे आई-वडील.

एका तालुक्याच्या गावी कापड दुकानदाराच्या घरी घडलेला प्रसंग येथे सांगण्यासारखा आहे. रात्री एकाच मेजावर वडील दुकानाचा रोजमेळ लिहीत आणि तिसरीतला मुलगा कित्ता लिही. त्या आठवड्याची ओळ होती, 'खरे तेच लिहावे.' एका जुन्या गिऱ्हाइकाला मागच्या महिन्याच्या तारखेचे बिल हवे होते. वडील ते लिहावयास बसले. मुलगा आकडे पाहत होता. तो म्हणाला, "बाबा, आज पाच तारीख आहे ना? तुम्ही अठ्ठावीस लिहिली." वडील म्हणाले, "त्यांना तशीच हवी आहे." मुलाने पुढे काही विचारले नाही. त्याने वरच्या ओळीकडे पाहिले आणि पुढचे अक्षर काढू लागला.

वडिलांचा हात मात्र थांबला. थोड्या वेळाने त्यांनी बिलावर आडवी रेघ मारून 'रद्द' असे लिहिले आणि दोन्ही प्रती बिलबुकात तशाच ठेवल्या. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाला नम्रपणे नकार दिला. त्या दिवाळीला त्या घराची सबंध खरेदी दुसऱ्या दुकानात झाली. नुकसान लहान नव्हते, आणि मुलाला त्याची कल्पनाही नव्हती. पण कित्ता कोणी कोणाला घालून दिला, हे वडिलांना उमगले होते.

येथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. सुंदर अक्षर म्हणजे शुद्ध चारित्र्य नव्हे. बनावट दस्तऐवज लिहिणाऱ्याचे अक्षरही देखणे असू शकते. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताच्या अतिचारांमध्ये 'कूटलेखक्रिया' म्हणजे खोटे लेखन गणले आहे, तर अचौर्याणुव्रताच्या अतिचारांमध्ये मापातील कमी-अधिकपणा सांगितला आहे. लेखणी आणि गज, व्यापाऱ्याच्या हातातील या दोन्ही साधनांवर शास्त्रकारांची दृष्टी होती. म्हणून अक्षर आणि आशय, दोन्ही एकाच वेळी घडवावे लागतात.

त्यासाठी घरात काय करावे? दररोज पंधरा मिनिटे पुरेशी आहेत. सामायिकासाठी 48 मिनिटे स्थिर बसण्याची परंपरा असलेल्या समाजाला ती जड वाटू नयेत. वेळ आणि जागा ठरलेली असावी. मुलाची पाठ ताठ असावी, वही किंचित तिरकी असावी आणि उजव्या हाताने लिहिणाऱ्यावर प्रकाश डावीकडून यावा. डावखुऱ्या मुलाचा हात बळाने बदलू नये. वरची ओळ छापील नको, आईने किंवा वडिलांनी स्वहस्ते लिहावी. मुलाने पाचच ओळी लिहाव्यात आणि प्रत्येक ओळीपूर्वी वरच्या ओळीकडे पाहावे. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात लेखनक्रियेचे निरूपण करताना, ग्रंथातील पहिले अक्षर जसे तसेच शेवटचे असावे, असा आग्रह धरला आहे. तोच पाचव्या ओळीचा निकष समजावा.

वाक्य लहान, अर्थ कळणारे आणि त्याच दिवशी आचरता येणारे असावे. 'पाणी गाळून प्यावे', 'मोजताना हात ताणू नये', 'दिलेला शब्द पाळावा', अशी वाक्ये घरातच सापडतात. चुकांवर लाल शाई ओढण्याऐवजी त्या दिवसाचे सर्वांत चांगले अक्षर मुलालाच निवडू द्यावे. एकच वाक्य शंभरदा लिहिण्याची शिक्षा कधीही करू नये. शिक्षा झाली की लेखनाची गोडी गेली. काही मुलांना प्रयत्न करूनही लिहिणे अवघड जाते. त्यांना आळशी न म्हणता तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. श्रुतपंचमी किंवा कार्तिक शुद्ध पंचमीची ज्ञानपंचमी हे आरंभासाठी उत्तम मुहूर्त होत. परंतु त्यांची वाट पाहण्याचेही कारण नाही.

या सर्व अभ्यासाची परीक्षा कोणती? पर्युषणानंतर क्षमापनेचे तयार संदेश एका क्षणात शेकडो जणांना पाठविले जातात. त्यात ज्याला खरोखर दुखावले, तो एक माणूस पुष्कळदा राहूनच जातो. वर्षभर कित्ता लिहिलेल्या मुलाने त्या दिवशी केवळ एक पत्र लिहावे: ज्याचे मन दुखविले त्याच्या नावाने, चूक कोणती ते स्पष्ट सांगून, स्वतःच्या अक्षरात. आणि त्याच मेजावर, त्याच्याच शेजारी बसून वडिलांनीही एक पत्र लिहावे. असे पत्र लिहिताना वडिलांचा हात कदाचित मुलापेक्षा अधिक अडखळेल. अडखळला तरी चालेल. मूल ते पाहत असेल, आणि त्याच्या वहीतील वरची ओळ त्या दिवशी खऱ्या अर्थाने लिहिली जाईल.

जय जिनेंद्र!