जहाज, धक्का आणि वारा
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



गतवर्षी भूमध्य समुद्रातील सहलीत आमचे जहाज एका बंदरासमोर तासभर घोटाळले आणि धक्क्यास न लागताच माघारी वळले. आकाश निरभ्र होते, ऊन लख्ख पडले होते. एवढ्या अवाढव्य जहाजाने नुसत्या वाऱ्यास भ्यावे काय, अशी कुरकुर उतारूंत सुरू झाली आणि, खरे सांगावयाचे तर, आम्हीही तीत सामील होतो. घरी येऊन थोडे वाचन केले, तेव्हा आमची चूक ध्यानी आली.

वारा अनावर झाला तर आपल्या कोकणचा तांडेल शीड उतरवितो. या जहाजांस ती सोय नाही; त्यांचे अंग हेच त्यांचे शीड! २०२४ साली प्रवासास निघालेले ‘आयकॉन ऑफ द सीज’ ३६५ मीटर लांब आहे. पाण्यात ते बुडते जेमतेम ९ मीटर, वर मात्र मजल्यांवर मजले. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. १२,००० चौरस मीटरांच्या कुशीवर ३० नॉट वेगाचा वारा आडवा आला, तर दीडशे टनांच्या घरातला रेटा बसतो.

भर समुद्रात जहाजास गती असते, म्हणून सुकाणू लागू पडते. धक्क्याशी येताना गती टाकावी लागते आणि तिच्यासवे सुकाणूची पकडही जाते. मग भिस्त राहते ती नाळेजवळील आडव्या पंख्यांवर आणि टगबोटींवर. वारा धक्क्याकडून आला तर जहाज जवळच येऊ देत नाही. धक्क्याकडे वाहिला तर आपटण्याचे भय, आणि पुढे सुटणेही कठीण.

बांधलेले जहाजही निर्धास्त नसते. २७ ऑगस्ट २०२३ रोजी स्पेनमधील पाल्मा बंदरात ‘ब्रिटानिया’ हे प्रवासी जहाज वादळात दोर तुटून सुटले आणि एका तेलवाहू जहाजावर आदळले. ३ एप्रिल २०१३ रोजी अमेरिकेत मोबील येथे दुरुस्तीसाठी बांधलेले ‘कार्निव्हल ट्रायम्फ’ असेच वाऱ्याने सुटले. दोर बांधावयाच्या खुंटांचे पायच जीर्ण झाले होते. धक्क्यावरील दोन कामगार पाण्यात पडले. एक वाचला, दुसऱ्याचा मृतदेह काही दिवसांनी हाती लागला.

आमच्या कप्तानाने त्या सायंकाळी ध्वनिक्षेपकावरून दोन वाक्यांत दिलगिरी व्यक्त केली होती. ती आम्ही नीट ऐकलीही नव्हती.