हिशेबाची किल्ली

(भोर-वेल्हे परिसरातील बचत गटांचे हिशेब लिहिणाऱ्या कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात वेल्हे येथे केलेले भाषण)



भाताची कामं आटोपून, एस.टी. गाठून तुम्ही इथवर आलात, म्हणून थेट मुद्द्यावर येते. आपल्या कार्यालयातला संगणक मी सांभाळते. मी इंजिनियर नाही; मराठी घेऊन बी.ए. झाले. तरीही सांगते, संगणकाला हुकूम देणं आपल्याला जमतं आणि जमायलाच हवं.

एका गटात एकाच नावाच्या दोघी होत्या. एकीने कर्जाचा ५०० रुपयांचा हप्ता भरला, तो संगणकात दुसरीच्या खात्यावर चढला. लागोपाठ तीन बैठकांत पहिली थकबाकीदार ठरली. "मी पैसे भरलेत," असं ती सांगत होती. छापील कागद मात्र तिच्याविरुद्ध बोलत होता. आपण कागदावर विश्वास ठेवला, बाईवर नाही. त्यात मीही होते.

मग मी वीसेक ओळींची एक स्क्रिप्ट लिहिली. स्क्रिप्ट म्हणजे संगणकाने क्रमाने करायच्या कामांची लेखी यादी. वर्षभराच्या पावत्या आम्ही आधी टाइप केल्या. मग संगणकाला सांगितलं : एकेक पावती घे, तिच्यावरचा सभासद क्रमांक आणि रक्कम खातेवहीत त्या तारखेला आहे का बघ, नसेल तर ती पावती दाखव. क्षणात दोन पावत्या समोर आल्या. त्यातली एक तिची होती. पुढच्या बैठकीत आम्ही सगळ्यांसमोर तिची माफी मागितली.

काही संगणकभाषांत सगळा प्रोग्रॅम आधी यंत्राच्या भाषेत उतरवावा लागतो, मग तो चालतो. स्क्रिप्टच्या भाषेत एक ओळ लिहिली की लगेच उत्तर येतं. चुकलं तर तिथल्या तिथे कळतं. नवशिकीला याहून चांगला शिक्षक कोणता? लॅरी वॉल यांची पर्ल १९८७ साली आली, ग्विडो व्हॅन रॉसम यांची पायथॉन १९९१ साली. दोन्ही फुकट मिळतात. पायथॉनमध्ये 'इफ', 'फॉर' असे मोजके शब्द इंग्रजी आहेत, पण २००८ सालच्या तिसऱ्या आवृत्तीपासून 'बचत', 'हप्ता', 'बाकी' ही आपली नावं देवनागरीत लिहिता येतात. आपल्या वहीतले मराठी आकडेही तिला वाचता येतात.

संगणक सांभाळणारीला तर याचा फारच आधार. पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही. रोज संध्याकाळी सगळ्या खातेवह्यांची तारीख घालून दुसऱ्या डिस्कवर नक्कल करायची, हे काम मी विसरत असे. आता स्क्रिप्ट ठरल्या वेळी ते करते. मी बाळंतपणाच्या रजेवर गेले तेव्हा माझ्या जागी आलेल्या मैत्रिणीने ती स्क्रिप्ट वाचली आणि काम पुढे चालू ठेवलं. डोक्यातलं ज्ञान कागदावर आलं की ते एकीचं राहत नाही, सगळ्यांचं होतं.

एक सावधगिरी मात्र हवी. स्क्रिप्ट सांगाल तेच करते. 'पुसून टाक' म्हटलं तर विचारत बसत नाही. म्हणून आधी नकलेवर चालवून पाहा. आणि ती फक्त न जुळणारी पावती दाखवते. खरं काय घडलं, ते त्या बाईलाच विचारायचं असतं.

"हे बायकांचं काम नाही," असं कुणी म्हटलं तर त्याला एनिॲकची गोष्ट सांगा. हा संगणक १९४६ साली अमेरिकेत लोकांपुढे आला. त्याचे पहिले प्रोग्रॅम बसवणाऱ्या सहाही जणी बायका होत्या. कौतुक झालं ते यंत्राचं आणि पुरुष अभियंत्यांचं. या सहा जणींची नावं पुढे कित्येक वर्षं कुणी घेतली नाहीत.

बचत आपल्या घामाची आहे. तिचा हिशेब कसा तपासला जातो, हे वाचता येणारी प्रत्येक गटात निदान एक तरी असावी. जेवणानंतर आपण शेजारच्या खोलीत बसणार आहोत. ज्यांनी वही आणली आहे त्यांनी ती घेऊन या. पहिल्या पाच ओळी आजच लिहू या.