आतड्याची सूज, कर्करोग आणि आपली लाज

(महिला आरोग्य शिबिरातील भाषण)



आज ज्या दुखण्याबद्दल बोलायचं आहे, ते चारचौघांत काढायचं नसतं असं आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं आहे. शौचावाटे रक्त जातं, दिवसातून आठ-दहा वेळा जावं लागतं, हे बाई कुणाला सांगणार?

माझ्या ओळखीच्या एका बाईने हे सहा वर्षं अंगावर काढलं. घरचे म्हणायचे, मूळव्याध आहे, तिखट कमी खा. दवाखान्यात दर वेळी आवेच्या गोळ्या मिळायच्या. चाळीतला संडास सामाईक, म्हणून ती उपाशीपोटीच कामाला निघे. अंगात रक्त कमी भरलं, तर 'बायकांचं असतंच' म्हणून विषय संपला. शेवटी दुर्बिणीने तपासणी झाली तेव्हा कळलं की मोठ्या आतड्याला आतून व्रण पडलेत. रोगाचं नाव अल्सरेटिव्ह कोलायटिस.

या रोगात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच आतड्यावर उलटते. क्रोन्स हा त्याचाच भाऊबंद. आपल्याकडे आतड्याच्या क्षयाशी त्याची बरेचदा गल्लत होते. हे रोग एकाचे दुसऱ्याला लागत नाहीत आणि बाई 'फार विचार करते' म्हणूनही होत नाहीत. आयबीएस हे मात्र वेगळं दुखणं. त्यात पोट बिघडतं, पण सूज किंवा व्रण नसतात आणि त्यातून कर्करोग होत नाही.

मग कोलायटिसचा कर्करोगाशी संबंध काय? सूज वर्षानुवर्षं राहिली की आतड्याचं अस्तर झिजतं, भरून येतं, पुन्हा झिजतं. पेशी सतत नव्याने बनत राहतात आणि त्यात चुका साठत जातात. आधी पेशींची ठेवण बिघडते, मग काहींच्या बाबतीत कर्करोग होतो. २००१ साली जगभरचे अनेक अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला गेला. कोलायटिसच्या शंभर रुग्णांपैकी दहा वर्षांनी सुमारे २, वीस वर्षांनी ८ आणि तीस वर्षांनी १८ जणांना कर्करोग होतो असं त्यात दिसलं. नंतरच्या अभ्यासांत हे प्रमाण बरंच कमी आढळलं. म्हणजे बहुतेकींना कर्करोग होत नाही. सूज फक्त गुदाशयापुरती असेल तर धोका फारसा वाढत नाही. सगळं मोठं आतडं सुजलेलं असेल, रक्ताच्या नात्यात कुणाला आतड्याचा कर्करोग झालेला असेल, किंवा यकृताच्या पित्तनलिकांचा पीएससी हा आजार जोडीला असेल, तर तो जास्त.

हा कर्करोग बहुधा वर्षानुवर्षांच्या सुजेनंतर येतो, म्हणजे आपल्याला वेळ मिळतो. म्हणून पहिल्या लक्षणापासून आठ वर्षांनी, बरं वाटत असलं तरी, दुर्बिणीने मोठं आतडं तपासून घ्यायचं आणि तुकडा काढून पाहायचा. पुढे धोक्याप्रमाणे एक ते पाच वर्षांनी. पीएससी असेल तर निदानापासूनच दरवर्षी.

नीट ऐका: आठ वर्षं मोजायची ती पहिल्या लक्षणापासून, निदानापासून नाही. त्या बाईची सहा वर्षं लाजेत गेली. कागदावर तिचा आजार नवा होता, आतड्याच्या हिशेबी जुना. आपली लाज अशी मोजदादच चुकवते.

औषधांचंही तेच. बरं वाटलं की पैसे वाचवायला बाई आधी स्वतःची गोळी बंद करते. सूज मात्र आत धुमसत राहते. दिवस गेले की सासरचे सगळीच औषधं थांबवायला सांगतात. खरं तर बहुतेक औषधं गरोदरपणात चालतात. मेथोट्रेक्सेट चालत नाही, ते मूल हवं असं ठरवण्याआधीच डॉक्टरांशी बोलून बंद करावं लागतं. बळावलेला रोगच आई आणि बाळाला जास्त धोक्याचा.

तेव्हा गटात कुणी रक्त कमी असल्याचं सांगितलं, तर पाळीबरोबर शौचाचंही विचारा. ती तपासणीला एकटी जायला बिचकत असेल तर सोबत जा. आणि त्रास कधी सुरू झाला ते महिना-वर्षासह तिच्या वहीत लिहून द्या. डॉक्टरांना दाखवायचा पहिला कागद तोच.