क्राकूवचे सेंट मेरी चर्च

पोलंडमधल्या क्राकूव शहराच्या मुख्य चौकात
सेंट मेरी चर्च उभे आहे.
बांधकाम लाल विटांचे, शैली गॉथिक.
आजची इमारत मुख्यतः 14व्या शतकातली.

समोर दोन मनोरे आहेत.
पण श्रोतेहो, त्यांची उंची सारखी नाही.

बुटका मनोरा चर्चचा. त्यात घंटा आहेत.
उंच मनोरा शहराचा.
तिथून पहारेकरी आगीवर आणि शत्रूवर नजर ठेवत.
म्हणजे इमारत देवाची, पण उंच मनोरा नगराचा!

या उंच मनोऱ्यातून आजही दर तासाला ट्रम्पेट वाजते.
चार दिशांना, चार वेळा.
आणि धून दर वेळी मध्येच तुटते.
कारण शहरावर चालून आलेल्या तातारांचा बाण एकदा वादकाच्या गळ्यात घुसला, असे सांगतात.
कथा रंगतदार खरी. इतिहासात तिला ठोस आधार नाही.

आतले खरे वैभव म्हणजे लाकडी वेदी.
शिल्पकार फाइट श्टोस.
1477 ते 1489, तब्बल बारा वर्षांचे काम.
मधोमध मेरीमाता कोसळते आहे, भोवती येशूचे शिष्य आहेत.
त्यांच्या हातांवरच्या शिरासुद्धा कोरलेल्या दिसतात.

दुसऱ्या महायुद्धात नाझींनी ही वेदी जर्मनीला नेली.
1946 मध्ये ती पोलंडला परतली.
चर्चमध्ये पुन्हा उभी राहिली, ती 1957 मध्ये.