कोशिंबिरीची गुंडाळी : एका ताटाभोवती सगळे

(ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला सांगितलं होतं, "साहेब, तुम्ही बँकेत होते, ठेवी अन् व्याज यावर बोला." पस्तीस वर्षं मी त्यावरच बोललो. व्याजाचे दर ऐकताना माणसांना कशी झोप येते, हे मी शाखेत रोज पाहिलं आहे. म्हणून सचिवांची परवानगी घेऊन विषय बदलला. आज मी स्वयंपाकावर बोलणार आहे, आणि तेही तेल्हाऱ्यात उभं राहून समुद्राच्या कोळंबीवर, म्हणजे आपण ज्याला झिंगे म्हणतो त्यावर. हसू नका, कारण सांगतो.

आपल्या संस्थेला पंचवीस वर्षं झाली. पहिली काही वर्षं २६ जानेवारीला झेंडावंदन झालं की स्नेहभोजन व्हायचं. गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे, वरण आणि वांग्याची भाजी. सगळे एका पंगतीत बसायचे. पुढे तरुण मंडळी म्हणाली, दरवर्षी रोडगेच काय? कोणी मटणाचं नाव काढलं. त्यावर काही घरांनी सांगितलं, एकाच भांड्यात असलं काही आम्हाला चालणार नाही. मग दोन मंडप घालू, दोन आचारी बोलावू, खर्च कोण करणार, अशी चर्चा झाली आणि शेवटी भोजनच बंद पडलं. त्यालाही आता सहा वर्षं झाली. यात कोणाचं चुकलं असं मला वाटत नाही. ज्याचा त्याचा आहार ज्याच्या त्याच्या घरचा असतो. आपल्या उपविधींत त्याला कलम नाही आणि नसावंही. पण पंगत गेली ती गेलीच. आता आपण एकमेकांना भेटतो ते देखभाल खर्चाच्या पावतीपुरते.

म्हणून मी असा पदार्थ शोधत होतो, जो प्रत्येक जण ताटावर बसून आपल्या हाताने, आपल्याला चालेल तोच करून घेतो. तो पदार्थ व्हिएतनामचा आहे. तिकडे त्याला 'गोई कुओन' म्हणतात. गोई म्हणजे आपल्या कोशिंबिरीसारखा प्रकार आणि कुओन म्हणजे गुंडाळणं. थोडक्यात, कोशिंबिरीची गुंडाळी. वरचं आवरण तांदळाच्या पारदर्शक कागदाचं. तळण नाही, तेल जवळजवळ नाहीच आणि खाताना गार.

हा प्रकार मी शिकलो मेलबर्नला, मुलीकडे. तिथे फुटस्क्रे नावाच्या भागात व्हिएतनामी लोकांची मोठी वस्ती आणि बाजार आहे. शनिवारी तिच्याकडे तीन-चार घरची माणसं यायची. एक गुजराती कुटुंब पक्कं शाकाहारी, एक गोव्याचं, आम्ही वऱ्हाडी. टेबलाच्या मध्ये कोमट पाण्याचं पसरट भांडं, भोवती वाट्या. गप्पा मारत जो तो आपली गुंडाळी वळायचा. "तुम्ही काय खाता?" हा प्रश्न तिथे कोणी कोणाला विचारायचं कारणच पडत नव्हतं.

परत आल्यावर मी तांदळाचे कागद शेजारच्या वहिनींना दाखवले. त्या म्हणाल्या, "काय बाप्पा, आता कागद बी खायचा काय?" तर हा कागद म्हणजे नेमकं काय, ते सांगतो. तांदळाचं पातळ सरसरीत पीठ उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ताणून बांधलेल्या फडक्यावर पसरतात. वर झाकण ठेवून मिनिटाच्या आत वाफवतात, अलगद उचलतात आणि बांबूच्या तट्ट्यावर उन्हात वाळवतात. वाळलेल्या कागदावर जी जाळीदार नक्षी दिसते, ती त्या तट्ट्याचीच. बाजारातल्या पुष्कळ पुड्यांत तांदळासोबत टॅपिओकाचा स्टार्च असतो. म्हणजे आपला साबुदाणा ज्या कंदाचा होतो, तोच कंद.

आता सांगा, यात आपल्याला अनोळखी काय आहे? कोकणात तांदळाचं आंबवलेलं पीठ पानावर किंवा ताटलीत पातळ पसरून, वाफवून, वाळवून फेण्या करतात. आंध्रात आत्रेयपुरम गावी पालथ्या मडक्यावर तांदळाच्या पेजेचा पापुद्रा काढून 'पूतरेकुलु' नावाची मिठाई करतात. तिला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्याकडे खापरावरचे मांडे हातावर मोठे करताना ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या कागदाचं कौतुक वाटेल, पण भीती वाटणार नाही.

आता कोळंबीकडे येतो. इथे मी थोडा कडक बोलणार आहे, कारण प्रश्न तब्येतीचा आहे.

नोकरीत माझी काही वर्षं रत्नागिरीला गेली. तिथल्या कोळणींनी मला ताजी कोळंबी ओळखायला शिकवलं. डोकं धडाला घट्ट चिकटलेलं असावं. कवच चकचकीत असावं, त्यावर काळे डाग नसावेत. वास समुद्राचा यावा. नाकात चढणारा, अमोनियासारखा वास आला तर पुढे चालायला लागायचं. तिथे पहाटेची होडी आणि सकाळचा बाजार यांत काही तासांचंच अंतर असतं. आपलं तसं नाही. आपली वान नदी पूर्णेला मिळते, पूर्णा चांगदेवजवळ तापीला आणि तापी सुरतेच्या पुढे समुद्राला. पाणी इथून समुद्राकडे जातं, पण कोळंबी तिकडून इकडे यायची तर बर्फातच यावी लागते. वाटेत बर्फ कुठे वितळला, कुठे पुन्हा भरला, याचं पासबुक आपल्या हातात नसतं. म्हणून माझं स्पष्ट मत असं की, तेल्हाऱ्यात या पदार्थासाठी बर्फावर उघडी ठेवलेली कोळंबी घेऊ नये. सोललेली, गोठवलेली, तारीख छापलेली बंद पिशवी घ्यावी. अकोल्याहून आणायची तर थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून आणावी आणि घरी येताच फ्रीझरमध्ये टाकावी. फ्रीझर उणे १८ अंशांचा हवा. आदल्या रात्री पिशवी खालच्या कप्प्यात ठेवून सावकाश सुटू द्यावी. एकदा सुटलेली कोळंबी पुन्हा गोठवायची नाही. आठवडी बाजारातले सुके झिंगे आणि सुकट चटणीला उत्तम, पण इथे त्यांचं काम नाही.

या पिशव्यांत बहुधा व्हॅनामेई जातीची कोळंबी असते. ती मूळची पॅसिफिक महासागराच्या अमेरिकेकडच्या किनाऱ्याची. आपल्या देशात तिच्या व्यापारी शेतीला २००९ साली परवानगी मिळाली आणि आज आंध्र प्रदेश तिच्यात सगळ्यांच्या पुढे आहे. खारपाणपट्ट्यातल्या माणसांनी ऐकावं अशी गोष्ट मात्र हरियाणातली आहे. रोहतकजवळ लाहलीला मुंबईच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेचं केंद्र आहे. समुद्रापासून इतक्या लांब, जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यात कोळंबी वाढवण्याचं काम तिथे झालं. अशा पाण्यात पोटॅशियम कमी पडतं, ते वरून द्यावं लागतं. तिकडचे शेतकरी आता तळ्यांत हे पीक घेतात. पूर्णाकाठच्या आपल्या खाऱ्या पाण्यात उद्याच असं होईल, असं मी म्हणत नाही. पाण्याची तपासणी आणि जाणकारांचा सल्ला घेतल्याशिवाय कोणी कर्ज काढू नये, हे बँकवाला म्हणून सांगतो. पण ज्या पाण्याला आपण पिढ्यान्‌पिढ्या नावं ठेवली, त्याचाही कोणी उपयोग करतं, एवढं पोरांना माहीत असावं.

कोळंबी बर्फातून येते, पण फळं आपल्या दारात पिकतात. म्हणून आपल्या गुंडाळीत फळ जास्त आणि कोळंबी बेताची. व्हिएतनाममध्येही मासे गुंडाळायचे असले की सोबत अननस, कमरख आणि चक्क कच्च्या केळ्याच्या चकत्या ठेवतात. केळी आणि संत्री तर आपल्या तालुक्याची. आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या आगेमागे, मृगाची फेब्रुवारी-मार्चमध्ये. संत्र्याच्या फोडीवरचं पांढरं साल आणि बिया काढाव्या, नाही तर कडवट लागतं. उन्हाळ्यात अर्धवट पिकलेला आंबा, पावसाळ्यात डाळिंबाचे दाणे, एरवी घट्ट पपई. अननस किंवा कच्ची पपई कोळंबीत आधीपासून कालवून ठेवू नये. त्यांच्या रसात मांस विरघळवणारे घटक असतात, कोळंबी भुसभुशीत होते. वळतानाच शेजारी ठेवावं.

आता कृती. चार माणसांना बारा गुंडाळ्या, सहा कोळंबीच्या आणि सहा फळांच्या.

सामान असं : २२ सेंटिमीटरचे तांदळाचे कागद १२, मध्यम कोळंबी १२, दोन मुठी तांदळाच्या शेवया, उकळत्या पाण्यात भिजवून निथळलेल्या, काकडी आणि गाजर यांचे बोटभर लांब काप, बारीक चिरलेली पत्ताकोबी, पुदिना, कोथिंबीर, दोन-तीन प्रकारची फळं. सगळं स्वच्छ धुऊन पूर्ण कोरडं केलेलं. ओलं सारण घातलं तर कागद फाटतो.

कोळंबीच्या पाठीवर चीर देऊन काळा दोरा काढा. मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं ठेवा. गुलाबी झाली, आतून पारदर्शक राहिली नाही की लगेच गार पाण्यात. जास्त उकळली तर रबर होतं. मग लांबीत दोन भाग करा.

कागद कोमट पाण्यात पाच ते दहा सेकंद बुडवा, मऊ व्हायची वाट पाहू नका. थोडा कडक असतानाच स्टीलच्या ताटावर पसरा. तिथे तो अर्ध्या मिनिटात आपोआप मऊ पडतो. खालच्या बाजूला पत्ताकोबी, शेवया, काकडी, फळ ठेवा. त्याच्या पुढे कोळंबीचे चार अर्धे तुकडे, गुलाबी बाजू खाली. खालची कड सारणावर घ्या, दोन्ही बाजू आत मुडपा आणि घट्ट वळत न्या. गुलाबी कोळंबी आणि हिरवा पुदिना कागदातून दिसला पाहिजे. पहिल्या दोन फाटतात, त्या वळणाऱ्याने खायच्या.

वळलेल्या गुंडाळ्या एकमेकींना चिकटतात, म्हणून अंतर ठेवून मांडा आणि वर ओलं फडकं टाका. फ्रीजमध्ये ठेवल्या तर कागद कडक होतो. खरं म्हणजे ठेवायच्याच नाहीत. वळायची आणि खायची. शिजलेली कोळंबी बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये आणि आपल्या एप्रिल-मे महिन्यात एका तासापेक्षा जास्त नाही. वाटी बर्फाच्या ताटलीत ठेवली तर उत्तम.

बुडवून खायला चटणी आपल्या हाताची. अर्धी वाटी भाजलेले शेंगदाणे, चमचाभर गूळ, एका लिंबाचा रस, लाल तिखट, मीठ, कोमट पाणी घालून सरबरीत वाटायचं. चालत असेल त्यांनी दोन पाकळ्या लसूण घालावा. व्हिएतनामी लोक माशाचा सॉस वापरतात. तो घरात आणायची गरज नाही.

काही सूचना ज्येष्ठांसाठी. ज्यांना कवचवाल्या माशांची ॲलर्जी आहे त्यांनी कोळंबीच्या ताटाजवळही जाऊ नये. युरिक ॲसिड वाढलेलं असेल त्यांनी डॉक्टरांना विचारावं. मधुमेह असेल तर कागदही तांदूळच आहे हे विसरू नका; शेवया वगळा, काकडी वाढवा, दोन-तीनवर थांबा. पण उन्हाळ्यात घरात दोघंच उरलेली म्हातारी माणसं चहा-बिस्किटांवर संध्याकाळ काढतात, त्यांना हे गार, हलकं खाणं खरोखर उपयोगी आहे. गॅस पेटतो तो दहा मिनिटं.

आणि शेजाऱ्यांसाठी एक सूचना. कोळंबी उकडताना मसाल्याच्या कालवणासारखा वास पसरत नाही. वास येतो तो दोन दिवस कचऱ्यात पडलेल्या कवचांचा. सोललेली आणली तर हा प्रश्नच नाही. कवच असेल तर पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये ठेवा आणि घंटागाडी दारात आली की थेट तिच्यात टाका. निम्मी तक्रार इथेच मिटते.

शेवटी माझा प्रस्ताव. रौप्यमहोत्सवी वर्षात स्नेहभोजन पुन्हा सुरू करू. आचारी नको, दोन मंडप नकोत. एकाच मंडपात दोन टेबलं. एकावर फक्त फळं-भाज्या, दुसऱ्यावर कोळंबी. पाण्याची भांडी वेगळी, ताटं, सुऱ्या, चटणीच्या वाट्या वेगळ्या. शाकाहारी टेबलावरची वस्तू त्या टेबलावरून हलणार नाही, याची जबाबदारी मी स्वतः घेतो. रोकड मोजायची सवय आहे, वाट्याही मोजीन. आणि ज्यांना परदेशी प्रकार नको असेल त्यांच्यासाठी रोडगे असतीलच. बसायच्या खुर्च्या मात्र सगळ्यांच्या एकत्र. फळं ज्यांच्या शेतात आहेत त्यांनी द्यावीत, तांदळाच्या कागदांचा खर्च माझ्याकडे.

येत्या शनिवारी संध्याकाळी पाच वाजता माझ्या घरी सराव ठेवला आहे. पहिल्या दिवशी फक्त फळांच्याच गुंडाळ्या, म्हणजे सगळ्यांना येता येईल. येताना एक ताट आणि एक स्वच्छ फडकं आणा. पुरुष मंडळींनी आवर्जून यावं. वळायला हात लागतात, अनुभव नाही लागत.